हॅदरथॉर्पची पाटी

हॅदरथॉर्प, लिंकनशायर
९ फेब्रुवारी २०२५

ती. नानामामा यांस,

अनुजाचा सा. नमस्कार. सागर आणि मी मजेत आहोत. तुमची खुशाली आईकडून तुकड्यातुकड्याने कळते, ती जोडून घेते.

इतिहासाचा प्रश्न व्हॉट्सअॅपवर विचारलास तर उत्तर मिळणार नाही, असे तुम्ही मागे बजावले होते. म्हणून हे रीतसर पत्र टाइप करून मेलला जोडते आहे.

गेल्या महिन्यात साखरेच्या बीटाने भरलेल्या ट्रकने आमच्या गावाच्या तोंडाशी असलेली पाटी उडवली. ट्रकला काही झाले नाही. नवी पाटी लावा म्हणून आम्ही कौन्सिलला लिहिले, तर उत्तर आले की हॅदरथॉर्प त्यांच्या यादीत स्वतंत्र गाव म्हणून नाहीच. इथली पॅरिश १९३६ साली मोडून शेजारच्या ब्रँटबीत मिसळली आणि ब्रँटबीला पाटी आहे. पॅरिश म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखे काहीतरी, एवढेच मला कळते. जूनमध्ये त्यांची बैठक आहे. हे वेगळे गाव होते आणि लोक त्याला वेगळे गाव मानत आले, असे दोन पानांत दाखवता आले तर फेरविचार करू म्हणतात. नाही तर विषय बंद.

घरे अकरा. सगळे मिसेस टोलर यांच्याकडे जमले. त्या एक्याऐंशी वर्षांच्या, जन्म त्याच घरातला. इतिहास कोण लिहिणार असे विचारल्यावर सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले. मी तीन प्रश्न विचारले होते, म्हणून काम माझ्याकडे आले. मामा, चार वर्षांत या लोकांनी मला केक दिले, सफरचंदे दिली, बर्फात गाडी ढकलून दिली. पण काम पहिल्यांदाच सांगितले आहे. ते मला नीट करायचे आहे. मी फिजिओथेरपिस्ट, मला गुडघे कळतात, जुनी दप्तरे नाहीत.

तुम्ही वाचाल का? ऑनलाइन काय सापडते त्याच्या लिंक खाली दिल्या आहेत. सागर म्हणतो, नानामामांना हे देणे म्हणजे मांजराला दुधाची राखण. मी त्याला गप्प केले आहे.

मायेचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची,
अनुजा


मदिनत खलीफा, दोहा
८ मार्च २०२५

चि. अनुजा हिस,

नानामामाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याला सांग, मांजर निदान दूध मोजून पिते.

रमजानमुळे ऑफिस दुपारी सुटते. माझा खोलीतला जोडीदार खलील रोजा सुटेपर्यंत झोपतो आणि मला शांतता मिळते. तुझ्या लिंकपैकी दोन बंद होत्या. बाकी सगळे वाचले, आणि तू न दिलेलेही वाचले.

आता नीट ऐक. 'थॉर्प' हा डेन्मार्कहून तिथे आलेल्या डेन लोकांचा शब्द, म्हणजे मोठ्या गावापासून सुटलेली वस्ती. आपली वाडी. तू वाडीत राहतेस, हे आईला कळव. दुसरे, पॅरिश दोन प्रकारची: एक चर्चची, एक कारभाराची. इंग्रज लोकही हे एकत्र करतात. खात्री करण्यासाठी मी शुक्रवारी सकाळी खलीलच्या गाडीतून अबू हमूरच्या चर्च संकुलात गेलो. गेटवर ओळखपत्र दाखवून, एका पांढऱ्या केसांच्या इंग्रज गृहस्थांना गाठून विचारले. त्यांनी आधी मला बाप्तिस्मा हवा आहे असे समजून खुर्ची दिली. मग अर्धा तास समजावले. १९३६ साली मोडली ती कारभाराची. तुमची दोन पाने मीच लिहून सोबत जोडली आहेत, त्यात हे स्पष्ट केले आहे.

लोकसंख्या कधीही सत्तरच्या वर गेली नाही. मला वाटले जमीन वाईट असेल. तसे नाही. पूर्वी ज्या पॅरिशचा माणूस, त्याच पॅरिशने त्याला म्हातारपणी आणि अडचणीत पोसायचे, असा कायदा होता. म्हणून तिथल्या जमीनदाराने मजुरांची घरेच पाडली. घर नाही तर माणूस गावचा नाही, गावचा नाही तर पोसायला नको. मजूर ब्रँटबीत राहायचे आणि रोज चार मैल चालत कामाला यायचे. अंग थकले की ज्याने त्याने आपल्या गावी. मी हे खलीलला वाचून दाखवले. त्याने एवढेच विचारले, की तिथे कंपनीची बस नव्हती का.

त्या पानांतला परिच्छेद तिसरा काळजीने वाच, तो माझा शोध आहे. ब्रँटबीच्या चर्चच्या दप्तरात हॅदरथॉर्प याच आडनावाचे कुटुंब पिढ्यानपिढ्या दिसते. गावाचे नाव तेच आडनाव, तेव्हा हे गावाचे मूळ घराणे, आपल्याकडच्या खोतांसारखे. चर्चमधला पहिला बाक त्यांचाच असणार. पुढे जमीन गेली आणि ते ब्रँटबीला उठून गेले. हॅदरथॉर्पची स्वतःची सुरुवातीची पाने ओल लागून गेली आहेत, म्हणून आजवर हे कोणाच्या लक्षात आले नाही.

सोबत गावाचा नकाशा जोडला आहे. १८८६च्या सर्व्हेवरून काढला, उत्तर दिशा आणि स्केल तपासून. तुमच्या कौन्सिलमध्ये असा नकाशा कोणी काढत असेल तर मला दाखव.

आमचे प्रोजेक्ट संपत आले. ड्रॉइंग ऑफिस जुलैत बंद, मी परत. नवीन व्हिसा वगैरे आता खलास. आक्काला सांगू नकोस, ती लगेच भाजणी करत बसेल.

ख्यालीखुशाली कळवत जा, प्रकृतीला जप.
नानामामा


हॅदरथॉर्प
६ एप्रिल २०२५

ती. नानामामा यांस,

सा. न. तुमचे जुलैचे वाचून बरेच दिवस काय लिहावे ते कळेना, म्हणून उशीर. बत्तीस वर्षे एका ओळीत संपवलीत. आईला सांगितलेले नाही.

काल मिसेस टोलर यांच्याकडे तुमची दोन पाने वाचली. नकाशा सगळ्यांनी हातोहात फिरवला. फार्मच्या रॉब यांनी आपल्या विहिरीवर बोट ठेवले आणि बराच वेळ काढलेच नाही. ती विहीर बुजली ती त्यांच्या आजोबांच्या वेळी.  घरे पाडल्याचा भाग वाचल्यावर एकजण म्हणाले की आमच्या अकरा घरांमधल्या रिकाम्या जागांचा अर्थ आज लागला.

तिसऱ्या परिच्छेदानंतर मिसेस टोलर म्हणाल्या की वा, किती मनोरंजक. मामा, इथे चार वर्षे राहून मला एक गोष्ट कळली आहे. यांनी 'मनोरंजक' म्हटले की समजायचे, चूक आहे. नंतर कप विसळताना त्यांनी मला हळूच सांगितले. त्यांच्या घरात चार पिढ्या इथल्या चर्चची किल्ली आहे. हॅदरथॉर्प नावाचे कोणी इथे जन्मले नाही, लग्न केले नाही, पुरले गेले नाही. ते सगळे ब्रँटबीचे लोक. थडगी बघायला मी आज स्वतः गेले. एकही नाही.

ज्या अधिकाऱ्यापुढे हे जाणार आहे ते ब्रँटबीचेच. एक वाक्य खोटे निघाले तर दोन्ही पाने बाजूला ठेवतील, आणि मला या लोकांना तोंड दाखवायचे आहे. तो परिच्छेद काढू या का? तुम्हीच मला शिकवले होते, की मोजमाप नसेल तिथे सलग रेघ मारायची नाही, तुटक मारायची. हे घराणे तुम्ही सलग रेघेने काढले आहे.

रागावू नका. रागावलात तरी कळवा.
अनुजा


दोहा
११ एप्रिल २०२५

चि. अनुजा हिस,

आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चार पिढ्या म्हणजे फार तर सव्वाशे वर्षे. मी लिहितो आहे चारशे वर्षांपूर्वीचे. चर्चची किल्ली हा पुरावा नव्हे. ओल लागून गेलेल्या पानांत काय होते ते मिसेस टोलर यांनाही ठाऊक नाही.

मी कॉलेजात गेलो नाही, ड्राफ्टिंगही मला कोणी शिकवले नाही. बत्तीस वर्षांत माझे ड्रॉइंग साइटवरून परत आले नाही. परिच्छेद काढायचा असेल तर पूर्ण लेखच काढ आणि माझे नाव खाली घालू नकोस. नकाशा वापरायला हरकत नाही, तो बरोबर आहे.

येथे उकाडा सुरू झाला. बाकी ठीक.
नानामामा


चिपळूण
२३ एप्रिल २०२५

चि. नाना यास,

आक्काचे आशीर्वाद. रुसला असलास तरी घे, परत पाठवू नकोस.

अनुजाने मला तुमचे भांडण वाचून दाखवले. फोनवर रडली नाही, पण नाक चार वेळा ओढले. पाच हजार किलोमीटरवरून कोणाच्या गावाचे खोत ठरवणे तुलाच जमते. लहानपणी भिंतीवर कोळशाने आपल्या घराचा नकाशा काढला होतास, त्यात विहीर शेजाऱ्यांच्या हद्दीत घातलीस आणि शेवटपर्यंत चूक मानली नाहीस. दादांनी तेव्हा भिंत पुसली, शेजाऱ्यांकडे जाऊन विहीर हलवता आली नाही.

तुला नांदोळे आठवते का? तू पाच वर्षांचा असशील. आपण नांदोळकर म्हणून दादा आपल्याला शिमग्याला मूळ गावी घेऊन गेले होते. दोन एसट्या बदलून, नवा सदरा घालून. सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी टेकली होती. नारळ हातात घेऊन दादा पुढे झाले. गुरवाने विचारले कोण, तर दादा छाती काढून म्हणाले, नांदोळकर. सगळी सहाण हसली. एक म्हातारा होता, तो काठी टेकत जवळ आला आणि म्हणाला, "अरे, इथे सगळेच नांदोळ्याचे. इथे घाग आहेत, भुवड आहेत, पवार आहेत. नांदोळकर कोण? जो गेला तो." आणि आपला नारळ सगळ्यांच्या शेवटी घेतला, बाहेरच्यांबरोबर.  तू खोबऱ्यासाठी भोकाड पसरले होतेस, म्हणून तुला बाकीचे आठवत नसेल.

आता तुझ्या इंग्रजांचे तू बघ. माझे शिक्षण सातवी.

आणि जुलैत येतोयस ते मला माहीत आहे. अनुजाने तोंड उघडले नाही. पण दुर्गाला गप्प राहायला सांगायचे तू विसरलास. तुझी बायको तुझ्या येण्याचे लपवेल कशाला? भाजणी झाली आहे.

तब्येतीला जप. राग पाण्यात टाक आणि पाणी भरपूर पी.
तुझी आक्का,
रत्नप्रभा


दोहा
५ मे २०२५

चि. अनुजा हिस,

नानामामाचे आशीर्वाद. परिच्छेद तिसरा सुधारून पाठवला आहे. जुना फाडून टाक.

तुझ्या आईचे पत्र आले होते. ते मी खलीलला वाचून दाखवले. तो म्हणाला, रत्नागिरीत त्याला कोणी रत्नागिरीवाला म्हटल्याचे आठवत नाही. दोह्यात उतरल्यावर पहिल्याच दिवशी नाव पडले, ते आजतागायत. मग म्हणाला, नाना, तुम्ही चाव्या हातात धरून चाव्या शोधता. मी त्याला चहा करायला लावला.

त्यानंतर दोन शुक्रवार मी फक्त शेजारची गावे पाहिली. ब्रँटबी एकटे नाही. हॅदरथॉर्प नावाची माणसे आजूबाजूच्या सात गावांत सापडतात, लिंकन शहराच्या जुन्या करयादीतही एक आहे. खुद्द तुझ्या गावात एकही नाही. मिसेस टोलर यांचे म्हणणे दप्तरांत तपासले, बरोबर आहे. त्यांना तसे कळव. माझ्या नावाने कळव.

सुधारलेला मजकूर असा:

'हॅदरथॉर्पमध्ये हॅदरथॉर्प आडनावाचे कोणी राहिल्याची नोंद नाही. आजूबाजूच्या गावांत मात्र हे आडनाव शतकानुशतके आहे. माणूस आपल्या गावात असतो तोवर गावाचे नाव त्याला लागत नाही. तो दुसरीकडे जातो तेव्हा तिथले लोक त्याला त्या नावाने ओळखतात. ब्रँटबीच्या लोकांनी एका शेजाऱ्याला हॅदरथॉर्पचा म्हणून ओळखले, याचा अर्थ हॅदरथॉर्प हे ब्रँटबी नव्हे, हे ब्रँटबीलाच पूर्वीपासून ठाऊक होते. त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज पडली नव्हती.'

शेवटचे वाक्य कडक वाटले तरी बदलू नकोस. अधिकारी ब्रँटबीचे आहेत, हे तूच कळवले आहेस.

ओल लागलेल्या पानांविषयी मी एवढेच लिहिले आहे, की पाने उपलब्ध नाहीत. तिथे आता तुटक रेघ आहे.

मागच्या पत्रातला मजकूर कोरडा होता. उकाड्याचे दिवस आहेत.

दोघे सुखी असा.
नानामामा


हॅदरथॉर्प
२९ जून २०२५

ती. नानामामा यांस,

अनुजाचा सा. न., आणि अकरा घरांचा तुम्हाला नमस्कार. पाटी लागली.

बैठकीत तुमचा तिसरा परिच्छेद अधिकाऱ्यांनी दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, त्यांच्या शाळेत एक हॅदरथॉर्प नावाचा मुलगा होता, आणि तो तिकडचा म्हणून त्याला चिडवत असत. तिकडचा म्हणजे कुठला, हे चिडवणाऱ्यांना माहीत नव्हते. विरोधात कोणी हात वर केला नाही. पाटीवर गावाचे नाव आणि खाली छोट्या अक्षरांत 'जुनी पॅरिश' असे आहे. सात सेंटिमीटर उजवीकडे हवी होती, असे तुम्ही नक्की म्हणाल.

पुढचे ऐका. ब्रँटबीत एक प्लंबर आहेत, आडनाव हॅदरथॉर्प. बातमी स्थानिक पेपरात वाचून रविवारी बायकोला घेऊन आले. चार मैलांवर आयुष्य काढले, पण इथे पाय ठेवला नव्हता. नळ बिघडला म्हणून कोणी बोलावलेच नाही म्हणाले. पाटीला हात लावून उभे राहिले, बायकोने फोटो काढला. मिसेस टोलर यांनी त्यांना घरात बोलावले, सगळ्यांना चहा दिला, आणि त्यांना सर्वांत शेवटी. का, ते मी विचारले. त्या म्हणाल्या की पाहुणे बाहेरचे आहेत ना, आधी गावचे. मी आईला फोन करून हे सांगितले. ती इतकी हसली की फोन बाबांना घ्यावा लागला.

आणि मिसेस टोलर यांनी परवा चर्चची किल्ली माझ्याकडे दिली. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत, गुडघे. मी त्यांना व्यायाम दाखवला. किल्ली तरीही माझ्याकडेच ठेवायला सांगितली.

तुमच्या नावासकट दोन्ही पाने चर्चमध्ये काचेखाली लावली आहेत. स्पेलिंग तीनदा तपासले.

सामान बांधायला खलीलचाचांना घ्या, एकटे उचलू नका.
तुमची,
अनुजा


मदिनत खलीफा, दोहा
१२ जुलै २०२५

ती. सौ. आक्का हिस,

नानाचा सा. नमस्कार. पाटी अनुजाने कळवली असेलच. फोटो मी मोठा करून पाहिला. सात नव्हे, साधारण पाच सेंटिमीटर.

सामान बांधून झाले. ड्रॉइंगची पेटी बरोबर आणतो आहे, बाकी पसारा खलील त्याच्या भाच्याला, तबिशला देणार. तो अल अझीझियात खोली घेतो आहे. ऑफिसात शेवटच्या दिवशी केक कापला. मॅनेजर दोन वाक्ये बोलला, त्यातल्या एकात माझे नाव होते. बत्तीस वर्षांत इथे मला ड्राफ्ट्समन म्हणाले, मिस्टर नाना म्हणाले, दुकानात नुसते इंडियाही म्हणाले. या गावचा आहे असे कोणी म्हटले नाही, आणि मीही कधी म्हटले नाही. कागदावर तसे कधी नव्हतेच.

काल दुर्गाशी बोललो. ती बाजारात गेली होती. भाजीवालीपासून रिक्षा स्टँडपर्यंत सगळे तिला एकच विचारत होते म्हणे, की कतारवाले कधी येताहेत.

मी खलीलला सांगितले. तो पेटीला दोरी बांधत होता. त्याने गाठ मारली. मग म्हणाला, घ्या, आता तुम्ही इथले झालात.

येत्या शिमग्याला तू, मी आणि दुर्गा नांदोळ्याला जाऊ. अनुजाला सुट्टी मिळाली तर तीही. गुरवाने कोण म्हणून विचारले तर सगळे नीट सांगेन. नारळ शेवटी घेतला तरी आता माझी तक्रार नाही. खोबरे मात्र मला वाटणीचे हवे.

भाजणी संपवू नकोस. बाकी समक्ष.
तुझा,
नाना